चौघांचं अठ्ठेचाळीस लिटर पाणी

माउंट रॉस्किल, ऑकलंड
३ ऑक्टोबर

ती. आईस सा. न.

काल फोनवर निम्मं ऐकूच आलं नाही, म्हणून लिहिते. आम्ही सुखरूप आहोत. मुलं जेवायच्या वेळी झोपतात आणि रात्री दोनला भूक लागली म्हणून उठून बसतात. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे आहे. फोन तुझ्या दुपारी एकच्या आत करत जा, नंतर माझे डोळे मिटायला लागतात.

विमानतळावर आम्ही सगळं खाणं फॉर्मवर लिहून दिलं होतं. गोडा मसाला, भाजणी, कुळथाचं पीठ, तुझी लसणाची चटणी, सगळं. न सांगता आणलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड, म्हणजे आपले जवळजवळ वीस हजार. तपासणीच्या बाईंनी एकेक पुडी उघडून पाहिली आणि परत दिली. मध मात्र गेला. मधातून मधमाश्यांचे रोग येतात, म्हणून बाहेरचा मध आतच येऊ देत नाहीत. पोरांच्या खोकल्याला असू दे म्हणून तू आग्रहाने दिलेला. मला फार लागलं. तुझ्या जावयांचे ट्रेकचे बूट तर आत नेऊन धुऊन आणले, तळव्यांत राजगडची माती होती. मातीतून बी येतं, रोग येतो. आपल्या जमिनीला इतकं जपणारा देश पाहून त्या रांगेतही मला बरं वाटलं.

थंडीचं मात्र विचारू नकोस. ऑक्टोबर म्हणजे इथला वसंत, पण लाकडी घरात बाहेरच्यापेक्षा गार. मी साडीच्या पेटीतली तुझी जुनी शाल आणली ते किती बरं केलं! घरमालकीण फिजीची, तिचे पणजोबा उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेलेले. तिची हिंदी वेगळीच गोड आहे. पहिल्या रात्री तिने दार वाजवून गरम रोट्या आणि वांग्याची भाजी दिली. धाकट्याने चार खाल्ल्या.

कोथिंबिरीची जुडी साडेतीन डॉलर. सँड्रिंगहॅम रोडवर आपल्याकडची दुकानं आहेत, तिथे पोहे, शेंगदाणे, कोकम सगळं मिळालं. स्काय टॉवर खालून पाहिला.

आमच्या घरातल्या भाडेकरूंचं पोलिस व्हेरिफिकेशन झालं का, ते कळव.

तुझी,
सोनू


माउंट रॉस्किल
११ ऑक्टोबर

ती. आईस सा. न.

राहायची गाडी मिळाली! पांढरी, भाड्याने देणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं राबलेली, पण इंजिन खणखणीत आहे. इतके दिवस का लागले म्हणून तू चिडलीस, तर त्याचं कारण पट्टे. चार माणसं झोपतील अशा गाड्या ढीगभर आहेत, पण चालत्या गाडीत चौघांना पट्टा लावून बसता येईल अशा फार थोड्या. बहुतेकांत पुढे दोन किंवा तीन जागा, मागे नुसत्या गाद्या. सात वर्षांखालच्या मुलाला इथे वेगळी मान्यताप्राप्त खुर्ची लागते, म्हणजे आपल्या धाकट्याला लागणारच. एक विक्रेता म्हणाला, "मागे झोपवून न्या, कोण बघतंय?" त्याच्या दारातून आम्ही तसेच परत फिरलो.

डिझेलच्या गाडीला इथे रस्त्याचा कर वेगळा भरावा लागतो. हजार-हजार किलोमीटर आगाऊ विकत घ्यायचे, हजाराला ७६ डॉलर, आणि त्याची चिठ्ठी काचेवर लावायची. जावयांनी दक्षिण टोकापर्यंतचा हिशेब मांडलाय. गाडी डाव्या बाजूने चालवायची आणि आपलं लायसन्स इंग्रजीत असल्यामुळे चालतं, एवढी एक काळजी मिटली.

आता बँकेचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. खातं उघडायला राहत्या पत्त्याचा पुरावा हवा. मी सरळ सांगितलं, आम्ही गाडीत राहणार आहोत, सध्या इथे खोली आहे. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "पत्ता नाही, तर खातं नाही." मी पासपोर्ट, व्हिसा, पुण्याच्या बँकेचं पत्र पुढे केलं. त्याने हातही लावला नाही, पेनच्या टोकाने कागद माझ्याकडे ढकलले. मागे रांग होती, थोरली माझा हात धरून उभी होती. बाबांनी पंचवीस वर्षं पोस्टात काउंटर सांभाळला, मनीऑर्डर घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना ते उठून खुर्ची द्यायचे. ते आठवलं आणि माझे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी घरमालकीण काम सोडून आमच्याबरोबर आली, भाडेकरार लिहून दिला, आणि दुसऱ्या काउंटरवरच्या मुलीने वीस मिनिटांत काम केलं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

तुझ्या बी.पी.च्या गोळ्या संपत आल्या असतील. नितीनदादाला पंधरा तारखेच्या आत आणायला सांग.

सोनू


माउंट रॉस्किल
१९ ऑक्टोबर, पहाट

ती. आईस सा. न.

गाडीचं हिरवं कार्ड मिळालं. ते नसेल तर गावोगावच्या मोकळ्या जागांवर रात्री थांबता येत नाही. २०२३ च्या कायद्याने नियम कडक झाले. पूर्वी उचलून ठेवायचा संडास चालायचा, आता तो गाडीत कायमचा बसवलेला हवा. तपासणारा टाकी, नळ, सांडपाण्याचा पाइप, झाकणाचा कचऱ्याचा डबा, सगळं हात लावून बघतो. तीन दिवस बाहेरची मदत न घेता राहता आलं पाहिजे, हा नियमाचा गाभा. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरतात. आपण चौघं, म्हणजे ४८ लिटर. तेवढंच सांडपाणी साठवायची टाकीही हवी, कारण खरकटं पाणी झाडाच्या बुंध्याशीही ओतायचं नाही. संडासाची पेटी ठरलेल्या ठिकाणीच रिकामी करायची.

आई, हे वाचून तू हसशील. तुझं बालपण म्हसवडला दोन घागरींवर गेलं, टँकर आला की शाळा सोडून पळायचात तुम्ही. मला मात्र पुण्यात नळ उघडा ठेवून भांडी घासायची सवय. परवा आम्ही खोलीतच सराव केला. बादलीत १६ लिटर मोजून घेतलं आणि चौघांनी दिवसभर स्वयंपाक, पिणं, दात घासणं, भांडी सगळं त्यातच केलं. संध्याकाळी सातला बादली कोरडी आणि पातेल्याला आमटी चिकटलेली. तेव्हा मला खरंच तू हवी होतीस. तेलकट भांडं आधी कशाने पुसायचं, तांदळाचं धुवण कुठे वापरायचं, पोरांना एका तांब्यात कसं आवरायला लावायचं, हे सगळं सविस्तर लिही. थोरलीने त्यासाठी वहीचं पान कोरं ठेवलंय, वर "आजीचं पाणी" असं लिहून.

तू निघताना म्हणालीस, "चांगलं चाललेलं घर मोडून कुठे निघालात?" तेव्हा टॅक्सी खाली उभी होती, मला बोलता आलं नाही. आता सांगते. थोरली अकरा वर्षांची झाली. तिचे बाबा सकाळी आठला हिंजवडीला जायचे आणि रात्री नऊनंतर यायचे. मीही लॅपटॉप बंद करेपर्यंत धाकटा झोपलेला असायचा. बिनपगारी रजा आहे, साठवलेले पैसे जातील, परत आल्यावर माझी जागा तीच राहील असं साहेब लिहून देत नाहीत. हे सगळं धरूनच निघालोय. व्हिजिटर व्हिसावर अठरा महिन्यांत नऊ महिनेच राहता येतं, तेवढे महिने आम्ही चौघं एका खोलीएवढ्या जागेत राहणार. भांडणंही होतील. पण ती समोरासमोर होतील. बालभारतीची पुस्तकं टॅबवर उतरवून घेतली आहेत, गणिताचं तेवढं कागदी आणलंय, शाळेची काळजी करू नकोस.

गॅसचं सिलिंडर इथे ९ किलोचं, आपलं १४.२ चं असतं. कुकर छोटा घेतला.

सोनू


ट्राउन्सन कौरी पार्क, नॉर्थलँड
२६ ऑक्टोबर, टॉर्चच्या उजेडात

ती. आईस सा. न.

दमले आहे, थोडंच लिहिते. दक्षिणेकडे जाण्याआधी गाडीची परीक्षा म्हणून इकडे आलो. रस्त्यात एकपदरी पूल लागतात, लाल बाण आपल्याकडे असेल तर थांबायचं आणि समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. जावई शांतपणे चालवतात, मीच सीटची कड घट्ट धरून बसते.

जंगलात शिरण्याआधी इथेही बूट घासून, औषधात बुडवून मगच पुढे सोडतात. कौरी नावाच्या प्रचंड झाडांना मुळांतून रोग लागतो आणि तो माणसांच्या बुटांच्या मातीतून पसरतो. धाकट्याने आपले बूट दोनदा घासले, झाडाला ताप येईल म्हणून. ताने महुता हे सगळ्यांत मोठं कौरी पाहिलं.

रात्री मूगडाळीची खिचडी केली. कुकरची वाफ सगळी काचांवर आणि तिथून गादीवर उतरली. यापुढे स्वयंपाक खिडकी उघडी ठेवून, कितीही गारठा असो. पहिल्या दिवसाचं पाणी मात्र रात्री तीन लिटर उरलं! तू फोनवर सांगितलंस तसं आधी पातेलं पोळीच्या तुकड्याने पुसलं, मग घासलं. थोरलीने उरलेलं मापाने मोजलं आणि आजीला कळवायचंच म्हणाली.

दिवाळी तोंडावर आली आणि माझं इथे मन लागत नाही. या दिवसांत आपल्याकडे ओट्यावर भाजणीचा वास असतो, तू चकलीच्या सोऱ्याची चकती शोधत असतेस. घरमालकिणीने तिच्या ओट्यावर चकल्या करायला बोलावलंय, भाजणी तेवढी पुरेल. फराळ पोस्टाने पाठवू नकोस, अडकून पडेल.

नोव्हेंबरच्या मध्यावर वेलिंग्टनहून पिक्टनला बोटीने गाडी न्यायची, साडेतीन तासांचा प्रवास. तिकीट गाडीच्या लांबीवर ठरतं, म्हणून मागे सायकलींचा स्टँड लावायचा की नाही यावर आमचं अजून एकमत नाही. बोटीवर चढताना गॅस बंद करायचा असतो, ते थोरलीकडे सोपवलंय.

सोसायटीचा चेक कपाटात डाव्या खणात, निळ्या फाइलमध्ये आहे. भाडेकरूंचा गीझर बिघडलाय म्हणतात, तर आपला नेहमीचा इलेक्ट्रिशियन पाठव, त्यांचा नको. गुडघ्याला शेक घेतेस ना? पुढचं पत्र वेलिंग्टनहून.

तुझी,
सोनू