रंगांची खातरजमा

उंदराच्या प्लीहेतून चाळून घेतलेल्या लक्षावधी लिम्फोसाइट पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सर्व सारख्याच दिसतात. त्यांतली टी-पेशी कोणती आणि बी-पेशी कोणती, याचा निवाडा पृष्ठभागावरील प्रथिनांच्या खुणांवरूनच करावा लागतो. आल्बर्ट कून्स यांनी 1941 साली प्रतिपिंडाला अनुस्फुरक रंग जोडला, कोलर व मिलस्टाइन यांनी 1975 साली एकच खूण ओळखणारे प्रतिपिंड अखंड निर्माण करण्याची रीत सिद्ध केली, आणि रंगवलेल्या पेशी एकेक करून प्रकाशझोतासमोरून नेणारे व वेचून काढणारे यंत्र स्टॅनफर्ड विद्यापीठात लेनर्ड हर्झेनबर्ग यांनी घडवले. त्यांच्याच प्रयोगशाळेत 1979 साली वर्णिलेले ‘53-6.7’ हे सीडी8 नावाची खूण ओळखणारे प्रतिपिंड आजही माझ्या शीतकपाटात, उजेडापासून जपून, ठेवलेले असते.

चमकणाऱ्या प्रत्येक पेशीची साक्ष मात्र ग्राह्य मानता येत नाही. मृत पेशी वाटेल ते प्रतिपिंड चिकटवून घेतात, म्हणून त्यांना निराळ्या रंगाने हेरून बाद करावे लागते. बी-पेशी व महाभक्षी पेशी प्रतिपिंडाचे शेपूटच धरून ठेवतात, म्हणून ‘2.4जी2’ या प्रतिपिंडाने ती पकड आधीच अडवावी लागते. सीडी4सारख्या विपुल खुणेचे फिक्या रंगावर भागते, पण सीडी25सारख्या विरळ खुणेला फायकोएरिथ्रिनचा तेजस्वी रंगच द्यावा लागतो.

सर्वांत अवघड बाब रंगांच्या सरमिसळीची. 488 नॅनोमीटरच्या निळ्या लेसरने उजळलेला, एफआयटीसी या रंगाचा हिरवा प्रकाश 520 नॅनोमीटरच्या आसपास शिखर गाठतो, पण त्याची छटा लांबत जाऊन फायकोएरिथ्रिनसाठी राखलेल्या झरोक्यातही शिरते. मी नृसिंहवाडीचा, संगमाखालच्या पाण्यात कृष्णेचा अंश किती आणि पंचगंगेचा किती हे ओंजळीवरून ठरत नाही, त्यासाठी वर जाऊन दोन्ही नद्या निरनिराळ्या पाहाव्या लागतात, हे आम्हां वाडीकरांस शिकवावे लागत नाही. एकेकाच रंगाने रंगवलेल्या नलिकांचे प्रयोजन तेच: त्यांवरून गळतीचे प्रमाण काढून तितकी वजावट करायची, आणि एक रंग मुद्दाम वगळलेल्या नलिकेवरून त्या खुणेच्या असण्यानसण्याची हद्द आखायची.

एका जिवाच्या मोलाने हाती आलेल्या पेशींविषयी अप्रमाण विधान करणे मला अधर्म वाटते. म्हणून विद्यार्थ्यांना माझा एकच आग्रह असतो, की पेशी वा वेळ अपुरा पडला तर प्रयोगातला एखादा रंग खुशाल कमी करा, परंतु या साक्षीच्या नलिकांतली एकही वगळू नका.