गुडघा टेकण्याचे मोल

२४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानविरुद्धचा विश्वचषक सामना सुरू होण्यापूर्वी भारतीय खेळाडूंनी मैदानावर एक गुडघा टेकला. तसे करण्याची सूचना संघव्यवस्थापनाकडून आली होती, हे कर्णधार कोहलीनेच नंतर सांगितले. आम्ही क्रिकेटवेडी मंडळी त्या दृश्याने क्षणभर भारावलो, हे खरे. पण ही खूण ज्याच्यामुळे जगभर पोचली त्या कॉलिन कॅपरनिकला ती सूचना संघव्यवस्थापनाने दिली नव्हती. २०१६ साली वर्णद्वेषाच्या निषेधार्थ त्याने राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला आणि तो हंगाम संपल्यावर अमेरिकन फुटबॉलच्या त्या लीगमधल्या एकाही संघाने त्याला पुन्हा घेतले नाही.

दूरच्या अन्यायाविषयी सहानुभूती बाळगू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जवळच्या अन्यायाविषयी मात्र वेगळाच अनुभव येतो. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत, लैंगिक छळाच्या तक्रारीची दाद मागणाऱ्या साक्षी मलिक, विनेश फोगाट आदी कुस्तीगिरांना पोलिसांनी रस्त्यावरून ओढत नेले. त्याच दिवशी अहमदाबादेत आयपीएलचा अंतिम सामना व्हायचा होता. तो एक दिवस पुढे गेला (पावसामुळे, हे सांगायला हवे). पुढे अनिल कुंबळे बोलले, १९८३च्या विश्वविजेत्यांनी निवेदन काढले; पण ही सारी निवृत्त मंडळी. करारात बांधलेले बहुतेक खेळाडू गप्प राहिले. त्यांना भ्याड म्हणणे सोपे आहे. मंडळ, संघमालक, जाहिरातदार अशा तिघांची मर्जी ज्याला सांभाळायची, त्याच्या मौनात आम्हां तिकीट काढणाऱ्यांचाही वाटा असतोच.

अशा वेळी पळवणकर बंधू आठवतात. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात नोकरीस असताना बाळू साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकत. बॅट मात्र कोणी हाती दिली नाही. हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, कारण गोऱ्यांना हरवायचे होते. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेणाऱ्या या चर्मकार गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद दिले गेले नाही. १९२० साली कर्णधारपदाच्या वादात विठ्ठल व शिवराम हे त्यांचे धाकटे भाऊ संघातून बाहेर पडले आणि जातीमुळे होणारा अपमान त्यांनी जाहीर निवेदनात मांडला. कोट्यवधींचे करार तेव्हा नव्हते. खेळायला मिळणे हेच काय ते हाती होते, आणि तेच त्यांनी पणाला लावले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बाळू पुढे राजकारणात उतरले ते काँग्रेसच्या बाजूने. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता आणि १९३७ साली मुंबईत ते थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले, हरले. त्यांची ती बाजू आम्हांला पटत नाही. खेळाडूंनी बोलावे, असा आग्रह धरताना ते आमच्याच मनातले बोलतील, असे आम्ही कोणत्या आधारावर गृहीत धरतो?