जाऊ दे नं, जीव वाचला!

नवा सिलिंडर लावून एजन्सीचा माणूस गेला आणि दहा मिनिटांत कोराडीच्या माझ्या मावशीचे दोन्ही हात भाजले. आतली रबरी रिंग फाटलेली होती. एजन्सी म्हणते, काकूंनीच घाई केली. मावशी म्हणते, "जाऊ दे नं, जीव वाचला."

काऊन जाऊ द्यायचं? मोबाइलचे प्लॅन तासन् तास पारखणाऱ्या आपल्याला एक गोष्ट माहीतच नसते. इंडेन, भारत गॅस, एचपी गॅसच्या ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो. वेगळा हप्ता नाही. आग गॅसमुळेच लागली असेल, तर मृत्यूसाठी 6 लाख, उपचारांसाठी माणशी 2 लाखांपर्यंत. मात्र एजन्सीला ताबडतोब लेखी कळवायचं. नुसतं फोनवर भांडून काही होत नाही, बॉस! शिक्का मारलेली पोच, डिस्चार्ज कार्ड, ओरिजिनल बिलं जपून ठेवा. जळालेल्या वस्तूंची भरपाई तर फक्त नोंदणीच्या पत्त्यावर मिळते. रूमवर मित्राच्या नावाचं सिलिंडर वापरणाऱ्यांनो, ऐकताय ना?

पण विमा दवाखान्याचा खर्च भागवणार. मावशीचं शिलाई मशीन तीन महिने बंद होतं, त्याचं काय? त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. मुदत 2 वर्षं. फी ठरते आपण मोजलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. 5 लाखांपर्यंत शून्य. इथे मात्र निष्काळजीपणा दाखवून द्यावा लागतो. नशीब, ती फाटकी रिंग मावशीने फेकली नव्हती.