माथा आणि पायथा

पवित्र गुरुवारी धर्मगुरू कमरेला वस्त्र बांधून भाविकांचे पाय धुतात. पाय घोडेगावच्या कांद्याच्या वाफ्यातून आलेले असोत वा पोप फ्रान्सिस यांनी 28 मार्च 2013 रोजी रोममध्ये धुतलेले तरुण बंदिवानांचे असोत. वाकल्यावाचून ते धुता येत नाहीत. परंतु धर्मग्रामाच्या समितीत मानाची खुर्ची कोणाची यावरून भांडण जुंपते, तेव्हा घंगाळातले पाणी वाया गेले, असे आम्हांला वाटते.

अहिल्यानगर जिल्ह्याने याचे उत्तर डोंगरउतारावर पाहिले आहे. 1948 साली भारतात आलेले स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी येथे पाणलोटाचे काम उभारले. 1993 साली ‘वॉटर’ ही संस्था स्थापन होण्यात त्यांचा पुढाकार होता. गावाने श्रमदान करावे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, ही अट. चर प्रथम माथ्यावर खणायचे. कारण माथ्याने पाणी मुरविले, तरच पायथ्याची विहीर भरते. 2021 साली फादर निवर्तले. हा धडा मात्र मागे राहिला.

ख्रिस्तसभेतील पुढारीपण याहून वेगळे नाही. प्रार्थनेत लाभलेली कृपा माथ्याने मिरवायची नसते, मुरवायची असते. घोडेगाव ज्या नेवासे तालुक्यात आहे, तेथेच 1290 साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या अखेरचे पसायदान अवघ्या प्राणिमात्रांचे कल्याण मागते. जो गुडघे टेकून असे लोकांसाठी मागतो, त्याला लोकांपाशी खुर्ची मागावी लागत नाही. प्रभू येशू आमच्या धर्मग्रामांना असे सेवक देवो!