लाल खडू

यंदा कलेच्या तासाला आम्ही ध्रुवीय प्रकाशाचं चित्र काढलं. साहित्य अगदी साधं: काळा जाड कागद, चॉक पेस्टलची पेटी आणि थोडी रद्दी. रद्दीचा कागद वेडावाकडा फाडायचा, फाटलेल्या कडेवर खडू दाबून घासायचा, तो तुकडा काळ्या कागदावर ठेवायचा आणि कडेवरचा रंग बोटाने वर ओढायचा. तुकडा उचलला की खाली ठळक कड राहते आणि वर विरत जाणारा प्रकाश, वाऱ्यावर हलणाऱ्या पडद्यासारखा. उरलेली भुकटी फुंकायची नाही, कागद उभा धरून मागून टिचकी मारायची. फुंकली तर ती शेजारच्याच्या पांढऱ्या शर्टावर बसते आणि संध्याकाळी फॉल-इनला त्याची हजेरी घेतली जाते.

दहा मिनिटांत वर्गातले हिरवे खडू निम्मे झिजले. नॉर्वे आणि आइसलंडचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेले! लाल खडू मात्र पेटीत कोराच होता. सर म्हणाले, "हिरवा खाली, लाल वर. का, ते सांगा." वर्ग गप्प. मग कलेचा तास विज्ञानाचा झाला.

सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ होते आणि ध्रुवांच्या बाजूला वेगवान कण वातावरणात शिरतात. ते हवेतल्या अणूंना ऊर्जा देतात आणि अणू ती प्रकाशाच्या रूपात परत टाकतात. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश एका सेकंदाच्या आत बाहेर पडतो. तो साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर दिसतो. लाल प्रकाश द्यायला त्याच ऑक्सिजनला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत तेवढी उसंत मिळत नाही. दुसरा कण येऊन धडकतो आणि ऊर्जा घेऊन जातो. म्हणून लाल रंग २०० किलोमीटरच्या वर, विरळ हवेतच दिसतो.

"हा प्रकाश आपल्या देशातून दिसेल का?" एकाने विचारलं. सरांनी सांगितलं, की १० मे २०२४ च्या रात्री मोठं सौरवादळ आलं, तेव्हा लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजाजवळ लाल प्रकाश टिपला. इतक्या दक्षिणेकडून पाहताना खालचा हिरवा प्रकाश पृथ्वीच्या गोलाईआड राहतो. उंचावरचा लाल तेवढा क्षितिजाच्या वर येतो.

माझा हात थांबला. माझे पप्पा तेव्हा लडाखमध्येच होते, आजही आहेत. नेमके कुठे, ते मला माहीत नाही आणि ते विचारायचंही नसतं. रविवारी फोन येतो. "जेवलास का? अभ्यास कसा चाललाय? इकडे सगळं ठीक आहे." दोन मिनिटांत संपतो. मला वाटलं, "सगळं ठीक आहे" हासुद्धा क्षितिजावर दिसणारा लाल पट्टाच आहे. बाकीचं सगळं खाली आहे, माझ्या नजरेआड.

मी हिरवा खडू ठेवला आणि लाल घेतला. डोंगरांच्या वर एकच पट्टा ओढला, अगदी पुसट.

पुढच्या रविवारी मी पप्पांना त्या रात्रीबद्दल विचारलं. ते हसले. "आम्हाला काही लाल दिसलं नाही रे. पण इथे तारे किती दिसतात, ते तुला सांगून पटणार नाही." आणि मग ते बोलतच राहिले. पहाटेची ड्यूटी सगळ्यात लांब वाटते, दोन-दोन हातमोजे घालूनही बोटं बधिर होतात, बरोबरचे एक हवालदार चहा करताना अभंग गुणगुणतात. शेवटी म्हणाले, "थंडीचं आईला सांगू नकोस."

हे पान आई वाचणार, म्हणून छापायला देण्याआधी त्यांना विचारलं. थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "दे छापायला. तिला सगळं आधीच माहीत असतं."

आमच्यापैकी कितीतरी जणांचे वडील असेच लांब आहेत. त्यांना रविवारी "कसे आहात?" तर विचाराच, पण त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा. आमचा फोन आता पंधरा मिनिटं चालतो.