मिरीचा वास

आमच्या सिल्लोडकडे मिरचीची पारख कानानेही होते. वाळलेली मिरची कानाशी धरून हलवायची, आत बिया खुळखुळल्या की माल पोत्यात भरायचा. आजोबांची ही सवय मला दिंडोरीच्या द्राक्षबागेत रोज आठवते. शिराझचा मणी तोंडात टाकायचा, गर गिळायचा आणि बी दाताखाली फोडायची. हिरवी बी जीभ तुरट करून टाकते. तपकिरी झालेली बी कुरकुरते, भाजल्यासारखी खमंग लागते. रिफ्रॅक्टोमीटर खिशात असतोच, पण तो फक्त साखर सांगतो. द्राक्ष पिकलं की नाही, ते बी सांगते.

शिराझ हे नाव इराणातल्या शहराचं असलं, तरी 1998 साली झालेल्या डीएनए तपासणीत या द्राक्षाचे आईबाप फ्रान्सचेच निघाले. थंड हवेतल्या शिराझच्या वाइनला चक्क काळ्या मिरीचा वास येतो. तो रोटंडोन या द्रव्याचा, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं. मिरीत असतं तेच हे द्रव्य, द्राक्षात ते सालीत असतं आणि उन्हाने तापलेल्या घडात कमी भरतं. मी मिरचीच्या मुलखातला माणूस, पण गेली बारा वर्षं या मिरीच्या मागे लागलो आहे.

फ्रान्समध्ये घड उन्हाळ्याकडून थंडीकडे पिकत जातो. आपल्याकडे नेमकं उलटं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि माल तयार होतो तो ऊन चढत असताना. इथे वेल पुरती झोपतच नाही. दौलताबादची द्राक्षं वर्षातून दोनदा येतात, असं इब्न बतूताने चौदाव्या शतकात लिहून ठेवलंय, ते त्यामुळेच. आपण दोनातला एकच बहार धरतो.

तेव्हा आमच्या हातात असते ती छाटणीची तारीख. सप्टेंबरच्या सुरुवातीला कात्री लावली, तर मणी ऐन थंडीत रंग धरतो. रात्री गार असल्या की त्याची आंबटाई जळून जात नाही. पण मग परतीचा पाऊस फुलोऱ्यात गाठतो आणि पानांमागे केवडा रोगाची पांढरी बुरशी दिसते. एका वर्षी असं धाडस करून निम्मी बाग घालवली. पुढच्या वर्षी घाबरून ऑक्टोबरअखेर छाटणी केली. मार्चमध्ये साखर 26 ब्रिक्सवर गेली आणि वाइन झाली जांभळाच्या मुरंब्यासारखी, जड आणि सपक. मला विचाराल तर पहिली चूक बरी होती.

आता पश्चिमेकडची पानं मी विरळत नाही, घडांवर सावली राहू देतो. तोडणी पहाटे चारला, डोक्याला दिवे बांधून. देठं काढून मणी टाकीत जातात. शिराझचा रस पांढराच असतो, रंग सगळा सालीचा. आंबायला लागलं की साली वर येऊन हातभर जाड थर धरतात. त्याला आम्ही कॅप म्हणतो. दिवसातून तीनदा तो दांड्याने हळूहळू खाली दाबायचा. घाई केली की बिया भरडतात आणि कडवटपणा उतरतो. वरून निघणारा वायू श्वास कोंडतो, म्हणून टाकीवर कधीच कुणी एकट्याने वाकायचं नाही. पुढे जिवाणू आपलं काम करतात आणि सफरचंदाची आंबटाई दह्याची होते.

मागच्या हंगामातल्या एका पिंपातून घोटभर वाइन घेतली आणि गिळल्यावर नाकात मिरी आली. अगदी थोडी, पण मिरीच. शेजारच्या सहकाऱ्याला काहीच जाणवलं नाही. पाचांतल्या साधारण एकाला हा वास येतच नाही, त्यामुळे मी वाद घातला नाही.

सिल्लोडला घरच्या वावरात, मक्याच्या शेजारी, शिराझच्या शंभर वेली लावल्या आहेत. तिथली पहिली गोडी छाटणी येत्या 8 सप्टेंबरला आहे.