टेबलावरचे वॉटर्लू

वॉटर्लू हे नाव आपल्या भाषेत जवळजवळ म्हणीसारखे रूढ झाले आहे. एखाद्या बड्या माणसाचा निर्णायक पराभव झाला, की आपण सहज म्हणून जातो, 'त्याचे वॉटर्लू झाले.' मी स्वतः तेहेतीस वर्षे हायस्कुलात इतिहास शिकवला. फळ्यावर निळ्या खडूने एक बाण, तांबड्या खडूने दुसरा, आणि उजवीकडून उशिरा येणारा प्रशियनांचा तिसरा बाण काढला, की युरोपातील ती सर्वांत गाजलेली लढाई पंचवीस मिनिटांत आटोपत असे. परंतु १८ जून १८१५ हा दिवस रविवार होता, आदली सारी रात्र पाऊस कोसळत होता, आणि हजारो माणसे चिखलात ओलीचिंब होऊन पहाटेची वाट पाहत होती, हे मला कोणत्या ग्रंथाने नव्हे, तर तेरा वर्षांच्या नातवाने सांगितले. तेही इंग्लंडातील एका गॅरेजमध्ये, हातात रंगाचा ब्रश धरून.

माझा मुलगा आणि सून बरीच वर्षे तिकडे आहेत. सून एका रुग्णालयात परिचारिका आहे. उन्हाळ्याचे तीन महिने मी त्यांच्याकडे राहावयास गेलो, तेव्हा त्यांची मोटार रस्त्यावर उभी असलेली पाहून मला नवल वाटले. गॅरेजात सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे प्लायवूडचे टेबल मांडलेले होते. त्यावर हिरवे कापड, कापडाखाली पुस्तके सारून केलेले उंचवटे, स्पंजचे तुकडे रंगवून केलेली झुडपे, आणि मधोमध पुठ्ठ्याचा एक चौसोपी शेतवाडा. भोवती जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचे शेकडो शिपाई. नातू ते सुटे भाग आणून चिकटवतो, मग तीन केसांच्या ब्रशने एकेकाच्या छातीवरचे पांढरे पट्टे, कॉलर, बटणे रंगवतो. डोळेसुद्धा रंगवतो. एका शिपायाला त्याचे दीड-दोन तास जातात. आपल्याकडे नाताळात गोठा सजवणारी मुले ज्या तन्मयतेने गवताची काडी न् काडी लावतात, तीच तन्मयता मला तिथे दिसली.

सुनेला मात्र हे फारसे रुचत नव्हते. पहिल्याच आठवड्यात तिने मला स्वयंपाकघरात गाठले. "बाबा, मी दिवसभर माणसांच्या जखमा बांधून घरी येते, आणि इथे पाहते तर हा शिपाई मारीत बसलेला. मुलाने युद्धाचा खेळ करावा का? तुम्ही घरातले वडील. तुम्हीच काय ते सांगा."

हा प्रश्न मला नवा नव्हता. माझा थोरला भाऊ पायदळात होता. डिसेंबर १९७१ मध्ये तो पूर्व आघाडीवर होता. तेथून परतल्यावर त्याने वसईत शेती केली, केळी पिकवली, चर्चच्या गायकवृंदात गायला. पण युद्धाविषयी तोंडातून अवाक्षर काढले नाही. चर्चच्या सणाला जत्रा भरे, त्यात पत्र्याच्या बंदुका विकायला येत. आपल्या मुलांना त्याने तशी बंदूक कधीही घेऊ दिली नाही. एकदा मी फारच खोदून विचारले, तेव्हा तो म्हणाला होता, "काय सांगू? समोर काही दिसतच नसे." एवढेच. त्यामुळे सुनेला उत्तर देण्यापूर्वी खेळ एकदा पाहावा, नव्हे खेळून पाहावा, असे मी ठरवले.

या खेळाची कुळी आपण समजतो तितकी पोरकट नाही. प्रशियात फॉन राइसविट्झ नावाच्या सरदाराने १८१२ मध्ये असा रणखेळ राजाला सादर केला, आणि त्याच्या लष्करी अधिकारी मुलाने १८२४ मध्ये तो सुधारून नियमबद्ध केला. तेव्हाचा सेनाप्रमुख फॉन म्युफ्लिंग तो पाहून म्हणाला म्हणतात, की हा खेळ नव्हे, हे युद्धाचे शिक्षणच आहे. गंमत अशी, की हाच म्युफ्लिंग वॉटर्लूच्या दिवशी प्रशियनांचा दूत म्हणून वेलिंग्टनजवळ होता. पुढे एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे छोटे पुस्तक लिहून हा खेळ घराघरांत नेला. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफांनी तो शिपाई पाडीत असे, आणि पुस्तकाच्या शेवटी सांगत असे की हा लुटुपुटीचा खेळ तीनचारदा खेळणाऱ्याला खरे युद्ध किती अडाणीपणाचे असते ते उमगेल. वर्षभरातच पहिले महायुद्ध पेटले. तेव्हा खेळाने माणूस शहाणा होतो, या त्याच्या म्हणण्यावर मी फारसा विसंबून नाही.

आम्ही वॉटर्लूची सबंध लढाई नव्हे, तिचा एक कोपरा मांडला. वेलिंग्टनच्या उजव्या बगलेला हूगोमाँ नावाचा भिंतबंद शेतवाडा होता. पुढे रान, बाजूला फळबाग, आत एक लहानसे चॅपेल. इंग्रज गार्ड पलटणींच्या काही कंपन्या, नासाउचे जर्मन शिपाई आणि हॅनोव्हरचे नेमबाज तेथे ठेवले होते. भिंतीला त्यांनी जंग्या पाडल्या होत्या. आपल्या किल्ल्यांच्या तटाला असतात तशाच. सकाळी साडेअकराच्या सुमारास नेपोलियनचा भाऊ जेरोम याच्या फौजेने रानातून हल्ला चढवला. वेलिंग्टनचे लक्ष इकडे वेधावे एवढाच मूळ हेतू. पण दिवसभर एकामागून एक फ्रेंच पलटणी त्या भिंतीवर आपटत राहिल्या आणि वाडा अखेरपर्यंत हाती आला नाही. नातवाने वाडा राखायचा आणि मी जेरोम व्हायचे, असे ठरले.

नियम असे. एक पुतळा म्हणजे वीस माणसे. प्रत्येक डावाच्या आरंभी सेनापतीने दोन फासे टाकायचे. बेरीज ठरलेल्या आकड्याच्या आत आली तर हुकूम पलटणीपर्यंत पोहोचला, न आली तर पलटण जागची हलत नाही. मग टेपने इंच मोजून कूच, आणि पुन्हा फासे टाकून गोळीबार. उघड्यावरच्या शिपायाला चार, पाच किंवा सहा पडले की गोळी लागते. भिंतीआडच्याला केवळ सहा पडला तरच. हे ऐकताक्षणीच मला माझे भवितव्य कळायला हवे होते, असे नातू हसत म्हणाला. तीन डाव माझी डावीकडची पलटण हललीच नाही. निरोप्या वाटेत चुकला असावा, अशी त्याने माझी समजूत घातली. फळ्यावरच्या बाणाला कधी निरोप पोहोचायचा राहिला नव्हता.

तासाभरात माझे अठरा पुतळे टेबलावरून गेले. म्हणजे तीनशेसाठ माणसे. पडलेला पुतळा ज्याचा त्याने आपल्या हाताने उचलायचा आणि कापूस घातलेल्या डब्यात आडवा ठेवायचा, असा आमच्या नातवाचा कायदा. कारण रंग खरवडला जाऊ नये! पण त्या उचलण्याने माझा हात जड होत गेला, हे खरे. तीस पुतळ्यांची पलटण बारांवर आली, की उरलेले बारा किती विरळ दिसतात, ते डोळ्यांना आकड्यांहून आधी कळते.

मधेच एका प्रसंगी नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या शिपायांना माझे शिपाई दिसत नाहीत. खाली वाकून बघा." त्यांच्या खेळात दृष्टिरेषा पाहण्याचा हा रिवाज आहे; टेबलाच्या कडेला डोळा लावून, पुतळ्याच्या उंचीवरून पाहायचे. माझे गुडघे आता मिस्सेतही कुरकुरतात, तरी मी सिमेंटच्या जमिनीवर गुडघे टेकले आणि हनुवटी प्लायवूडला लावली. उभे असताना मला सारे रणांगण तळहातासारखे दिसत होते: वाडा, बाग, उंचवट्यामागे दडलेली त्याची राखीव तुकडी. खालून पाहिले, तो पुढच्या शिपायाची पाठ, त्याची पडशी, स्पंजाचे एक झुडूप आणि बंदुकांच्या धुरासाठी पसरलेला कापूस. वाडा नाही, शत्रू नाही, सेनापती तर नाहीच. मी तसाच थोडा वेळ राहिलो. नातवाला वाटले, मला उठता येत नाही. त्याने हात पुढे केला. दादाने उच्चारलेले ते एकुलते एक वाक्य मला त्या क्षणी पुन्हा ऐकू आले होते, ते मी त्याला नंतर सांगितले.

पुढे तोफांचा डाव आला. दुपारी नेपोलियनने आगगोळे टाकून हूगोमाँ पेटवून दिले होते. कोठारे जळाली, त्यांत ठेवलेले जखमी जळाले. आग चॅपेलमध्ये शिरली आणि दारावरच्या क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीची पावले होरपळून तेथेच थांबली. ती मूर्ती आजही आहे. २०११ मध्ये ती चोरीला गेली होती, पण पुढे सापडली आणि पुन्हा तेथे नेण्यात आली. वेलिंग्टनने चामड्याच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहून धाडलेली चिठ्ठीही जपून ठेवलेली आहे: आग पोहोचत नाही तेथे शिपाई उभे करा, छत कोसळून माणसे गमावू नका, अशा आशयाची. आणि जेम्स ग्रॅहम नावाच्या आयरिश शिपायाची हकिकत सांगतात ती अशी. त्याने थोड्या वेळापूर्वी कर्नल मॅकडोनेलबरोबर उत्तरेचा दरवाजा रेटून लावला होता आणि अडसर घातला होता. कुऱ्हाडीने दार फोडून आत घुसलेल्या फ्रेंचांपैकी एक ढोलवाला पोर तेवढा जिवंत सोडला, असे म्हणतात. तोच ग्रॅहम आग लागल्यावर आपली जागा सोडण्याची परवानगी मागू लागला. त्याचा भाऊ जखमी होऊन पेटत्या कोठारात पडला होता. परवानगी मिळाली, भावाला बाहेर ओढून तो परत आपल्या जागी येऊन उभा राहिला.

नातवाने पुठ्ठ्याच्या छपरावर नारिंगी कापूस ठेवला आणि तो थबकला. त्याच्या नियमांच्या पुस्तकात आगीचा नियम होता, जखमींचा नव्हता. डब्यातले पुतळे सगळेच काही मेलेले नसणार, असे तो म्हणाला. मग त्याने तेथल्या तेथे एक नियम केला: वाड्यातल्या पलटणीने एक डाव गोळीबार न करता घालवला, तर तिला जखमी बाहेर काढता येतील. आणि तो डाव त्याने खरोखर खर्ची घातला. त्या अवधीत माझ्या शिपायांनी त्याची फळबाग घेतली.

सून चहा घेऊन दारात केव्हा येऊन उभी राहिली, आम्हाला कळले नाही. "त्याने गोळ्या का नाही झाडल्या?" तिने विचारले. त्याने सांगितले. तिने कप खाली ठेवला. "एका पुतळ्याची वीस माणसे ना? मग चार पुतळे जखमी म्हणजे ऐंशी माणसे. जखमी माणूस नीट उचलायला दोघे लागतात, जिन्यावरून आणायचा तर चौघे. तुझी पलटण पुरणार नाही." दोघांचा वाद जुंपला. माणसाचे वजन, झोळीत घालून कसे नेतात, धुरात वाकून का चालावे लागते, हे ती त्याला सांगू लागली. मी चहा प्यालो. शेवटी नियम असा झाला, की एक जखमी पुतळा काढायला दोन धडधाकट पुतळे एक डाव अडकून राहतील. त्यानंतर मला ती बाग राखणेसुद्धा कठीण गेले, कारण जखमी माझ्याकडेही होतेच, आणि सून स्टूल ओढून बसली होती. माझा निकाल तिने पुन्हा मागितला नाही.

परतण्यापूर्वी ती दोघे मला लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयात घेऊन गेली. विल्यम सायबोर्न नावाचा सैनिकी अधिकारी आठ महिने त्या रणभूमीवर राहिला, जमीन मोजली, लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली आणि सत्तर हजारांहून अधिक कथलाचे शिपाई मांडून वॉटर्लूची प्रतिकृती केली. १८३८ मध्ये ती लोकांसमोर आली. संध्याकाळी सातची घटका त्याने पकडली आहे. प्रशियन फौज किती पुढे आली होती, यावरून त्याच्यावर पुष्कळ टीका झाली. नातू काचेपाशी अर्थातच गुडघ्यांवर बसला.

आता मी वसईला आहे आणि फोनवरून प्रश्न येत असतात. वेलिंग्टनच्या चरित्रात त्याला असईचे नाव सापडले आहे. आपल्या जालना जिल्ह्यातल्या त्या गावी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, याच माणसाने शिंदे आणि भोसले यांच्या फौजेशी लढाई दिली आणि सुमारे सोळाशे माणसे मृत, जखमी वा बेपत्ता अशी गमावली. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा. म्हणजे हॅनोव्हरची माणसे हूगोमाँलाही होती आणि असईलाही. नातवाला ही गोष्ट फार आवडली. परंतु त्याची खरी अडचण मराठी गोलंदाजांची आहे. इंग्रज पलटणी तोफांवरून पुढे निघून गेल्या, तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा पुन्हा चालवल्या. पडलेला पुतळा तर त्याच्या कायद्याने डब्यात जातो. मग असईत डबा ठेवायचाच नाही का? सगळे टेबलावरच आडवे ठेवायचे? आणि कोण जिवंत आहे, हे कोणी ओळखायचे? सून म्हणते, नाडी पाहायला एक डाव लागेल.

त्याने बारा गोलंदाज घेऊन ठेवले आहेत. पण पागोट्याचा आणि अंगरख्याचा रंग ठाऊक झाल्याशिवाय तो ब्रश लावणार नाही. माझा एक जुना विद्यार्थी भोकरदनकडे शिक्षक आहे. त्याला मी पत्र टाकले आहे.